वर्षअखेरीची बाकी

आमच्या बडोद्याच्या जुन्या घरात वर्षाचा आरंभ एकाच दिवशी कधी होत नसे. देवघरातले वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढीबरोबर उभे राही. समोरच्या गुजराती पेढीचे वर्ष दिवाळीत चोपडापूजन झाल्यावर कार्तिक शुद्ध प्रतिपदेला लागे. आम्हां मुलांचे वर्ष जून महिन्यात पहिल्या पावसाबरोबर आणि कोऱ्या वह्यांबरोबर येई. आजोबा संस्थानच्या हिशेबी कचेरीत कारकून होते. त्यांचे सरकारी वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपे. पुढे १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि आजोबांच्या मेजावर १ एप्रिलचे वर्ष आले. ते पुढे अनेकदा म्हणत, “संस्थान गेल्याचे दुःख एकदाच झाले, वर्ष बदलल्याची अडचण मात्र पेन्शनीपर्यंत पुरली.”

एकाच छपराखाली चार वर्षे नांदत असता त्यांपैकी खरे कोणते, असा प्रश्न त्या वयात आम्हांस पडला नाही. तो पडला बऱ्याच उशिरा, येथील एका सांस्कृतिक मंडळाचे खजिनदारपद आमच्याकडे आल्यावर. दरसाल ३१ मार्चच्या रात्री कीर्द मिटवताना मनात येई, की आजच्या रात्री असे काय संपते? भाडेकरू उद्याही राहणार, वर्गणी थकवणारा सभासद उद्याही थकवणार, ग्रंथालयाचे छत उद्याही गळणार. चालत्या गोष्टीवर मध्येच एक रेघ मारायची आणि म्हणायचे, ‘एवढे कमावले, एवढे गमावले.’ या रेघेला काही नैतिक अर्थ आहे की ती केवळ कारकुनी सोय आहे? प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की ही रेघ कोठे मारावी हे निसर्गाने सांगितलेले नाही. पेशवाईच्या दप्तरात शुहूर सन चाले आणि त्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात गेला की, म्हणजे जूनच्या प्रारंभी, बदले. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. पेरणीच्या तोंडावर नवे वर्ष धरण्यात शेतसारा वसूल करणाऱ्याचे शहाणपण होते. हैदराबाद संस्थानात फसली साल ऑक्टोबरात सुरू होई. इंग्रजी अमलातील हिंदुस्थान सरकारचे वर्षही आरंभी १ मे ते ३० एप्रिल असे होते; १८६७ साली ते विलायतेच्या वर्षाशी जुळवण्यासाठी १ एप्रिलवर आणले गेले. त्या विलायतेत व्यक्तीच्या कराचे वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होते. त्याच्या मुळाशी २५ मार्चला नवे वर्ष धरण्याची तेथील जुनी रीत आणि १७५२ साली पंचांगातून वगळलेले ११ दिवस आहेत. अमेरिकेच्या संघ सरकारचे वर्ष पूर्वी १ जुलैला लागे, १९७६ पासून ते १ ऑक्टोबरला लागते. आपली रिझर्व्ह बँकदेखील १९४० पासून जुलै ते जून असे वर्ष पाळत होती. २०२०-२१ साली तिने एक वर्ष नऊच महिन्यांचे करून एप्रिलशी सांधा जुळवला. नऊ महिन्यांनाही वर्ष म्हणता येते, यापेक्षा वर्षाच्या कृत्रिमपणाचा अधिक मोठा पुरावा कोणता द्यावा?

हे वर्ष बदलावे असे प्रयत्नही झाले. १९८५ च्या सुमारास एल. के. झा समितीने जानेवारीपासून वर्ष धरण्याची शिफारस केली, ती सरकारने स्वीकारली नाही. २०१६ साली शंकर आचार्य समितीने हा प्रश्न पुन्हा तपासला. मे २०१७ मध्ये मध्य प्रदेश सरकारने जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष करण्याचा निर्णय जाहीर केला. तो अमलात आला नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना ती चर्चा आठवत असेल. व्यापाऱ्याला मात्र पूर्वी मोकळीक होती. दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरून तो आयकराचा हिशेब देऊ शके. १९८९-९० या आकारणी वर्षापासून सर्वांना ३१ मार्च सक्तीचा झाला. समोरच्या पेढीवर त्यानंतरही दिवाळीत चोपड्यांना कुंकू लागत राहिले, ‘शुभ लाभ’ लिहिले जात राहिले, परंतु पहिली खरी नोंद पडू लागली ती एप्रिलात. २०२५ साली संमत झालेल्या आयकर कायद्याने तर ‘पूर्व वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ ही जोडगोळीही मोडली आणि १ एप्रिल २०२६ पासून एकच ‘कर वर्ष’ ठरवले. थोडक्यात, वर्ष ही ठरवून घेतलेली वस्तू आहे.

पण ठरवून घेतलेली म्हणजे खोटी असे होत नाही. भाषाही ठरवून घेतलेली असते, विवाहही असतो. तेव्हा ही रेघ कोणी, कशासाठी ठरवली, हे पाहिले पाहिजे.

व्यापाराला आरंभी वर्षाची गरज नव्हती. जहाज माल घेऊन निघे, दोन-तीन वर्षांनी परत येई, माल विकला जाई, भागीदार आपापला वाटा घेऊन घरी जात. नफा किती, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी निःसंदिग्ध मिळे, कारण धंदाच त्या दिवशी संपलेला असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरंभीच्या सफरींचे हिशेब असेच सफरीगणिक वेगळे होत. पुढे १६५७ साली कंपनीचे भांडवल कायमचे झाले. आता एक जहाज परत येते तेव्हा दुसरे समुद्रात असते आणि तिसऱ्याची डागडुजी चाललेली असते. धंदा संपतच नाही. मग नफा केव्हा मोजायचा? न संपणाऱ्या गोष्टीला मोजण्यासाठी तिच्यात खोटे का होईना, एक अंत घालावा लागतो. १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे विवेचन करणाऱ्या लुका पाचोली या गणिती धर्मगुरूनेही दरसाल, विशेषतः भागीदारी असेल तर, वह्या मिटवाव्यात असा सल्ला दिला होता.

या अंताची किंमत मात्र द्यावी लागते. वर्षाचा नफा हे पूर्णसत्य कधीच नसते. यंत्र दहा वर्षे टिकेल असे धरून त्याचा दहावा हिस्सा घसारा म्हणून लिहायचा. ते सात वर्षांत मोडेल की पंधरा वर्षे चालेल, हे कोणास ठाऊक? कोणते येणे बुडेल, कोठारातला माल कोणत्या भावाने जाईल, चाललेल्या दाव्याचा निकाल काय लागेल, या सर्वांविषयी अंदाज करून तरतूद करावी लागते. खजिन्यातली रोकड ही वस्तुस्थिती, पण वर्षाचा नफा हे एक विचारपूर्वक दिलेले मत. संपूर्ण सत्य हवे असेल त्याने धंदा बंद पडेपर्यंत थांबावे.

येथेच आमच्या मते आर्थिक वर्षाचा नैतिक गाभा आहे. थांबायची सवलत ते देत नाही. ‘अखेरीस सर्व ठीक होईल, तेव्हा विचारा’ हे वाक्य प्रत्येक कर्त्या पुरुषाचे, प्रत्येक संस्थाचालकाचे आणि प्रत्येक राजवटीचे आवडते वाक्य असते. भागीदार, ठेवीदार, करदाता, सभासद यांना त्या अखेरीपर्यंत जगायचे असतेच असे नाही. म्हणून त्यांच्या वतीने वर्ष विचारते, की अपुरे का होईना, आज सांग. आपल्या संविधानाच्या ११२ व्या अनुच्छेदाने प्रत्येक आर्थिक वर्षाचे विवरणपत्र संसदेपुढे ठेवण्यास सांगितले आहे ते याच न्यायाने. मंजूर झालेला पैसा वर्षात खर्च न झाल्यास मंजुरी संपते आणि सरकारला पुन्हा लोकप्रतिनिधींपुढे हात पसरावा लागतो. मालकाने चाव्या दरसाल परत मागून घ्याव्यात आणि तपासून पुन्हा द्याव्यात, तसे हे आहे. ती रेघ हिशेब ठेवणाऱ्यासाठी नसून ज्याला हिशेब द्यायचा त्याच्यासाठी असते.

असे असता त्याच रेघेपायी माणसे खोटी का वागतात, हेही पाहिले पाहिजे. इतरांची उदाहरणे देण्यापूर्वी आम्ही आमचेच देतो.

नव्वदच्या दशकात आमच्या मंडळाच्या ग्रंथालयास २४ हजार रुपयांचे अनुदान मिळाले. ते हाती पडले मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ३१ तारखेपर्यंत खर्चून दाखवायचे होते. न खर्चल्यास परत करावे लागले असते आणि पुढील साली मिळण्याची आशाही संपली असती. दोन दिवसांत आम्ही यादी केली. यादी कसली, विक्रेत्याकडे जे होते ते घेतले. एकाच शब्दकोशाच्या चार प्रती आल्या, कोणी न मागितलेले जाडजूड संच आले. प्रत्यक्षात ते आले मे महिन्यात. बिलावर मात्र ३० मार्च होता आणि त्याखाली ‘माल मिळाला’ असा शेरा मारून आम्ही सही केली होती. त्याच वर्षी एक वृद्ध वाचक भगिनी वाचनकक्षात एक चांगला दिवा बसवावा म्हणून तीनदा विनंती करून गेल्या होत्या. दिव्याचा खर्च अनुदानाच्या शीर्षकात बसत नव्हता आणि मंडळाच्या शिलकीतून तेवढे पैसे काढायला आम्ही पुढील वर्ष दाखवले. पुढील वर्षी दिवा बसला. त्या तोवर यायच्या थांबल्या होत्या. दृष्टी फारच अधू झाली असे कळले. लेखापरीक्षकांनी त्या वर्षाच्या हिशेबावर एकही आक्षेप काढला नाही.

हा प्रसंग आम्ही बरीच वर्षे मनाशी धरून आहोत. यात कोणी पैसा खाल्ला नाही. पण तारीख राखण्यासाठी आम्ही खोटी सही केली आणि दिव्याच्या बाबतीत तीच तारीख ढाल म्हणून वापरली. एकीकडे वर्ष संपत आले म्हणून घाई, दुसरीकडे वर्ष संपत आले म्हणून दिरंगाई. सरकारी खात्यांतही मार्चची ही धावपळ इतकी जुनी आहे, की केंद्रीय अर्थखात्याला अखेरच्या तिमाहीत ३३ टक्क्यांहून आणि मार्च महिन्यात १५ टक्क्यांहून अधिक खर्च होऊ नये असे बंधन घालावे लागले. बंधने योग्यच आहेत. परंतु ज्याने मनाशी ठरवले आहे, की हिशेब म्हणजे तपासनिसाचे तोंड बंद करण्याचे साधन, त्याला फेब्रुवारीतही खोटी सही करता येते.

याहून मोठे उदाहरण हैदराबादच्या वाचकांना सांगावयास नको. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले, की ताळेबंदातील रोख व बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये मुळात अस्तित्वातच नाहीत. त्या कबुलीनुसार हा फरक एका दिवसात पडलेला नव्हता. आरंभी लहान असलेली तफावत वर्षानुवर्षे वाढत गेली होती. हिशेबाचा साधा नियम असा, की गेल्या वर्षाची अखेरची शिल्लक हीच नव्या वर्षाची आरंभीची शिल्लक. त्यामुळे एका मार्चात लिहिलेले असत्य पुढच्या एप्रिलात वारसाहक्काने येते आणि त्याला झाकण्यासाठी नवे असत्य जन्माला घालावे लागते. वर्ष संपले म्हणून खोटे संपत नाही.

तर मग वर्षअखेरीस संपते काय आणि उरते काय? याचे उत्तर हिशेबशास्त्राने फार काटेकोर दिले आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी तीन प्रकारची खाती शिकवतात: व्यक्तिगत, वास्तव आणि नामधारी. पगार, भाडे, व्याज, कमिशन, म्हणजे उत्पन्न आणि खर्च यांची खाती नामधारी. वर्षअखेरीस ती सर्व नफातोटा पत्रकात रिकामी होतात आणि १ एप्रिलला शून्यापासून सुरू होतात. वास्तव खाती, म्हणजे घर, यंत्रे, रोकड, पुढे ओढली जातात. व्यक्तिगत खातीही पुढे ओढली जातात. अमुक इसमाचे अमुक रुपये देणे आहे, ही नोंद कोणत्याही ३१ मार्चला शून्य होत नाही.

ही रचना ज्याने प्रथम केली त्याच्या मनात नीतिशास्त्र होते असा आमचा दावा नाही. पण तिच्यात जे शहाणपण आहे ते घेतले तर नुकसान होणार नाही. वर्षभरात आपण काय मिळवले, कशात यश आले, कोठे फसलो, याची खाती दरसाल शून्यावर आणावीत; गतवर्षीच्या कर्तबगारीवर या वर्षी मिजास चालत नाही आणि गतवर्षीच्या अपयशाचे ओझेही आयुष्यभर वाहायचे नसते. माणसांची खाती मात्र मिटवायची नाहीत. बहुतेक वेळा आपण नेमके उलट करतो. आपले जुने पराक्रम वर्षानुवर्षे पुढे ओढतो आणि ज्यांचे देणे असते त्यांची नावे नव्या वहीत उतरवायला विसरतो.

विसरतो असे म्हटले, त्यालाही कारण आहे. वडिलांच्या मागे त्यांची कागदपत्रे चाळताना आम्हांस आजोबांच्या घरखर्चाच्या वह्या सापडल्या. आत्याच्या लग्नात समोरच्या पेढीवाल्या शेटजींकडून हातउसने घेतलेले २२५ रुपये आजोबांच्या वहीत दरसाल पहिल्या पानावर ‘मागील देणे’ म्हणून ओढलेले होते. मधूनच दहा-पंधरा रुपये फेडल्याची नोंद. शेवटची बाकी १४० रुपये. आजोबा गेल्यावर वही वडिलांच्या हस्ताक्षरात सुरू होते. दोन वर्षे ते देणे पहिल्या पानावर आहे. तिसऱ्या वहीत नाही. फेडल्याची नोंद नाही, सूट मिळाल्याची नाही, काट मारलेलीही नाही. रोजचा जमाखर्च जुळतो, रोख शिल्लक पैशापर्यंत बरोबर आहे. घरगुती वहीत देणे ओढले नाही तर काहीच बिघडत नाही. आणि मोठ्या व्यापाऱ्याच्या द्विनोंदी वहीतही एखादा व्यवहार दोन्ही बाजूंनी मुळातच वगळला, तर तेरीज तंतोतंत जुळते. जे लिहिलेच नाही त्याची चूक बेरीज दाखवत नाही.

वडील अप्रामाणिक नव्हते. त्या काळात घरात आजारपण होते, आम्ही दोघे भाऊ शिकत होतो. त्यांनी ते देणे फेडायचे नाही असे ठरवले नसावे. फक्त नव्या वहीत ते लिहिण्याचे धैर्य त्या वर्षी झाले नसावे. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न केव्हाच मिटला आहे. मुदतीचा कायदा कर्जवसुलीला सामान्यतः तीन वर्षे देतो. परंतु त्याच देशातील करार कायदा असेही म्हणतो, की मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे कोणी लेखी व सहीनिशी वचन दिले, तर ते वचन वैध ठरते. म्हणजे मुदत संपल्याने मागणाऱ्याचा दावा जातो, देणाऱ्याचे देणे नव्हे, हे कायद्यालाही ठाऊक आहे. वडिलांचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, हा हिंदू कायद्यातील जुना सिद्धान्त ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांपुरता रद्द झाला आहे. त्याचे आम्ही स्वागतच करतो. बापाच्या कर्जापायी मुलाने न्यायालयात उभे राहावे, हे बरे नव्हे. पण जे न्यायालय मागत नाही ते कोणीच मागत नाही, असे आमच्या पिढीला वाटू लागले तर देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही नावे श्राद्धाच्या संकल्पापुरतीच उरतील.

आपणां सर्वांच्या घरी एकनाथमहाराजांची एक कथा सांगत आलेले आहेत. देवगिरीस जनार्दनस्वामींकडे हिशेबाचे काम करीत असता एका पैची चूक शोधण्यासाठी नाथ रात्रभर बसले, आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले. एका पैच्या चुकीसाठी इतका आनंद, तर संसाराची चूक सापडेल तेव्हा किती होईल, असे स्वामी म्हणाले, अशी कथा. लहानपणी आम्ही या कथेतून चिकाटीचा धडा घेतला. आता वाटते, की तिच्यात विशेष आहे ती टाळी. चूक सापडल्यावर आपण खजील होतो, लपवू पाहतो, दोष कोणावर तरी ढकलतो. नाथांना आनंद झाला, कारण सापडलेली चूक दुरुस्त करता येते. वर्षअखेरीचा उपयोग आमच्या मते एवढाच आणि इतका मोठा आहे. निदान एका ठरलेल्या रात्री माणसाने दिवा लावून बसावे आणि आपल्या वहीत नसलेले शोधावे.

ती रात्र चैत्रातली असावी की कार्तिकातली, मृगातली की मार्चअखेरची, याला महत्त्व नाही. ती ठरलेली असावी आणि तिच्याविषयी आपण दुसऱ्या कोणास तरी बांधील असावे, याला आहे. मनाला येईल तेव्हा हिशेब पाहीन, असे म्हणणारा तो कधीच पाहत नाही.

शेटजींच्या पेढीच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. त्यांचे कुटुंब फार पूर्वी गाव सोडून गेले. कोठे गेले हे जुन्या शेजाऱ्यांपैकी कोणी सांगू शकले नाही. १४० रुपयांचे आज किती व्हावेत, हा हिशेब सोन्याच्या भावाने एक येतो आणि बँकेच्या व्याजाने दुसरा. तेवढे पैसे एखाद्या धर्मादाय पेटीत टाकावेत, असे काही स्नेह्यांनी सुचवले. ते आम्हांस पटले नाही. ज्याचे देणे त्याच्या नावावरच राहिले पाहिजे. दुसऱ्याला देऊन ते फिटत नाही, फक्त वहीतून जाते. म्हणून दर ३१ मार्चला नवी वही घेतली, की आम्ही पहिल्या पानावर प्रथम तीच ओळ लिहितो: ‘मागील देणे, समोरची पेढी, रु. १४०.’ गेल्या वर्षी ती ओळ नातीने वाचली आणि हे काय म्हणून विचारले. आम्ही तिला सर्व सांगितले, शब्दकोशाच्या चार प्रतींसह. ती काही बोलली नाही. आमच्या मागे ती ओळ ती लिहील की नाही, हे तिचे तिने ठरवायचे आहे.